झुलत्या चालीचं वर्ष

"हे कुणालाही खरं वाटणार नाही," असं टाचमास्तर म्हणाले की सराईत गिऱ्हाईक आधी घड्याळाकडे बघायचं आणि मग आपल्या बुटाकडे. कारण हे वाक्य मास्तर उगाच वाया घालवत नसत. एक तर तळ चिकटवायचं सोल्युशन वाळायचं बाकी असे, नाही तर काहीतरी बिघडलेलं असे. त्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास त्यांनी ते उच्चारलं तेव्हा सोल्युशन केव्हाच वाळून खडखडीत झालं होतं.

मास्तरांचं बूटदुरुस्तीचं दुकान म्हणजे रस्त्यावरून तीन पायऱ्या खाली उतरलं की लागणारी लांबट खोली. एकच खिडकी, तीही बरोबर फुटपाथच्या उंचीवर, त्यामुळे आत बसलेल्याला जग फक्त गुडघ्याखालचं दिसायचं. चाळीस वर्षं मास्तरांनी त्या खिडकीतून फॅशन येताना-जाताना पाहिली होती. चोचीसारखी टोकं आली आणि गेली. मग चौकोनी टोकं आली, ती टोचत नाहीत म्हणून लोक खूश झाले आणि दोन वर्षांत कंटाळले. पेन्सिलीएवढ्या टाचा आल्या, त्यांनी गटाराच्या जाळ्यांशी उभा दावा मांडला आणि मास्तरांना 'टाचमास्तर' हे नाव मिळवून दिलं. हल्ली पांढऱ्या बुटांची चलती होती. उशीसारखा जाड तळ, टाचेमागे रंगीत पट्टी, आणि आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांच्या पायात तोच. मास्तर त्यांना दवाखान्यातले बूट म्हणायचे, पण हळू आवाजात, कारण दुकान त्यांच्यावरच चाललं होतं.

मास्तरांची कामाची एक रीत होती. कुठला जोड कुणाचा हे ते कधी लिहून ठेवत नसत. बूट उलटा करायचा, तळ कुठे झिजलाय ते बघायचं, की माणूस डोळ्यांसमोर उभा. टाच बाहेरून झिजली असेल तर तो वाण्याच्या शेजारचा शिंपी, अंगठ्याखाली खड्डा असेल तर ती नाच शिकवणारी, दोन्ही तळ सारखे झिजले असतील तर ज्याला घरी कुणी विचारत नाही असा एखादा शिस्तीचा माणूस. बुटाची वरची बाजू विकणाऱ्यासाठी असते आणि खालची माझ्यासाठी, असं ते म्हणत.

लेकीला ही रीत मान्य नव्हती. तिने नंबर घातलेल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या आणल्या होत्या, एक बुटाला बांधायची आणि एक गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. मास्तर तिच्यासमोर चिठ्ठी बांधत आणि तिची पाठ वळली की सोडून खिळ्याला अडकवत. त्या खिळ्यावर चिठ्ठ्यांचा द्राक्षांसारखा घड झाला होता. आणि याच वर्षी दोन घोटाळे झाले होते. पहिल्यांदा एका नर्तकाच्या बुटांना ठोकायच्या लोखंडी पट्ट्या न्यायाधीशसाहेबांच्या बुटांना ठोकल्या गेल्या, आणि साहेब कोर्टात खुर्चीपर्यंत टकटक टकटक करत गेले. सगळं कोर्ट उभं होतं म्हणून कुणाला हसता आलं नाही. दुसऱ्यांदा जुळ्या बहिणींचे बूट उलटसुलट गेले, पण त्या दोघी आधीच एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्यामुळे ते प्रकरण मास्तरांना अजूनही आपल्या बाजूचं वाटायचं.

दुसऱ्या घोटाळ्यानंतर लेकीने शांतपणे सांगितलं होतं की आता तिसरा झाला की या खुर्चीवर मी बसणार, बाबांनी घरी बसायचं. लेक शांतपणे बोलली की ते दगडावर कोरलेलं असतं हे मास्तरांना माहीत होतं, कारण ते वळण तिच्या आईचं होतं.

मास्तरांना कातडं कापायची रापी आणि टोचायची आरी सुटल्याचं एवढं वाईट वाटलं नसतं. हात तसेही कुरकुरायला लागले होते. पण एक बूट काढून बाकावर बसलेला माणूस उठून जाऊ शकत नाही, आणि असा ऐकणारा घरी कुठून आणायचा? घरी बायको होती, पण तिने लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी त्यांच्या गोष्टी ऐकणं सोडलं होतं, आणि तिच्या पायात चपला कायम असत.

तर त्या सकाळी लेक कातडं आणायला बाजारात गेली होती. मागे दोन पांढरे जोड होते, दोन्ही सहा नंबरचे, दोन्हींचे तळ पुढून सुटून आ वासलेले. एक जोड औषधवाल्याच्या बायकोचा, नारिंगी पट्टीचा, या महिन्यातला, म्हणजे तीन बोटं जाड. दुसरा जोड टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्या बाईंचा, हिरव्या पट्टीचा, मागच्या महिन्यातला, म्हणजे दोन बोटं जाड. मास्तरांनी नेहमीप्रमाणे चिठ्ठ्या सोडल्या, सोल्युशन लावलं, आणि दोन डावे एका दाबयंत्रात आणि दोन उजवे दुसऱ्यात कसले, कारण डाव्याला डावा लागून बसला की दाब नीट येतो. दहा वाजता औषधवाल्याची बायको आली, फोन कानाला, चेहऱ्यावर घाई. मास्तरांनी बूट दाबयंत्रातून काढून उलटे केले. आणि तिथे घात झाला. तळ कोरे. झीजच नाही. या बुटांची फॅशन दर महिन्याला पालटते, तळ झिजायला सवड कुठे मिळते? चार बूट, एकाही बुटाला चेहरा नाही. वरची पट्टी बघायची सवय नाही, आणि गिऱ्हाइकासमोर चष्मा शोधणं शोभलं नसतं, म्हणून मास्तरांनी दोन बूट उचलून दिले, तिने फोनवर बोलत बोलत पाय घातले आणि पायऱ्या चढून गेली. तिची पाठमोरी पावलं खिडकीतून जाताना दिसली. एक हिरवं, एक नारिंगी.

मास्तर खुर्चीवर बसून राहिले. लेक बारापर्यंत येईल. औषधवाल्याच्या बायकोची समजूत दुपारी घरी जाऊन काढता येईल, तिला गोड बोलणं चालतं. पण तोवर बातमीवाल्या बाई उरलेला जोड घालून हसतमुखाने या दुकानातून बाहेर पडल्या पाहिजेत. नाही तर तिसरा घोटाळा, आणि खुर्ची गेली.

बाई बरोबर अकराला आल्या. बाकावर आधीच टपालराव बसले होते. टपालराव म्हणजे निवृत्त पोस्टमन, मास्तरांच्याच वयाचे. त्यांच्या सँडलची वादी आठवड्यातून एकदा तुटायची, निदान तसं ते घरी सांगायचे. बाईंनी येतानाच सांगून टाकलं की आज पहिल्यांदा त्यांना उभं राहून बातम्या द्यायच्या आहेत. इतकी वर्षं टेबलामागे बसून वर कोट आणि खाली काहीही चालायचं, पण नवीन साहेबांना बातमी देणारा माणूस नखशिखांत दिसायला हवा आहे. एक वाजता थेट प्रक्षेपण. त्यांनी पाय घातले, नाड्या बांधल्या आणि उभ्या राहिल्या. म्हणजे डावीकडे कलून उभ्या राहिल्या. मग जमिनीलगतच्या आरशात पाहिलं. डावी पट्टी हिरवी, उजवी नारिंगी.

"मास्तर, हा उजवा माझा नाही."

मास्तरांनी मान वर केली नाही. हातातल्या बुटाचा टाका ओढून पुरा केला आणि दातांनी दोरा तोडला.

"ताई, तुम्ही लोकांना बातम्या सांगता," ते म्हणाले, "पण तुमच्यापर्यंत त्या जरा उशिरा पोचतात वाटतं."

बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. मास्तर हातानेच बसा म्हणाले, आणि बाई बसल्या, कारण कललेल्या माणसाला बसलेलं बरं वाटतं. मग मास्तरांनी ते ठेवणीतलं वाक्य काढलं, हे कुणालाही खरं वाटणार नाही, आणि टपालरावांनी घड्याळाकडे बघितलं.

तेहतीस वर्षांपूर्वी, मास्तरांनी सुरुवात केली, याच बाकावर, अगदी तुम्ही बसला आहात तिथेच, एक नटी येऊन बसली होती. नाव घेत नाही, तिची नातवंडं मोठ्या हुद्द्यावर आहेत. पडद्यावर ती अशी चालायची की थेटरात लोक शेंगदाणे चावायचे थांबत. तिच्या बुटाची टाच निघाली होती आणि गाडी बाहेर उभी. घाईत माझ्याकडून एक टाच बोटभर उंच बसली. ताई, मी काळजीने अर्धा झालो. नटी तशीच गेली, तशीच कॅमेऱ्यासमोर चालली. डावीकडे एक झोका, मग सावरणं, मग परत एक झोका. दिग्दर्शक म्हणाला, थांबा. सगळ्यांना वाटलं आता मास्तरांचं काही खरं नाही. तो म्हणाला, हेच हवं होतं मला, दहा वर्षं हेच शोधत होतो.

टपालरावांनी घसा खाकरला. सिनेमात तसं काही बघितल्याचं आठवत नाही, असं ते म्हणाले. मास्तरांनी त्यांना मोठ्या मनाने माफ केलं. तुम्ही सिनेमाला झोपायलाच जायचात, हे तुमच्या बायकोने स्वतः सांगितलंय, म्हणाले.

आणि मग गाडी उताराला लागली. सिनेमा शुक्रवारी लागला आणि सोमवारी या दुकानासमोर कोपऱ्यापर्यंत रांग. सगळ्यांना एक टाच उंच करून हवी. त्या चालीला नाव पडलं, झुलती चाल. आधी कॉलेजच्या पोरींनी घेतली, मग त्यांच्या मागे लागलेल्या पोरांनी घेतली, कारण बरोबरीने चालायचं तर एकाच बाजूला झुलायला हवं. शिंपी पॅन्टचा एक पाय लांब शिवायला लागले. कचेऱ्यांमधे साहेब झुलत आले की कारकूनही झुलत उठायचे. बसमधे सगळे डावीकडे कलून उभे राहायचे, त्यामुळे बसगाड्यांचे डावीकडचेच टायर झिजायला लागले आणि डेपोचा मॅनेजर माझ्या नावाने खडे फोडायचा. फोटो काढणाऱ्याने कॅमेरा तिरका केला, म्हणजे फोटोत माणसं सरळ आणि मागची इमारत कललेली. तसे फोटो अजून लोकांच्या घरी आहेत. विचारलं तर सांगतात, फोटोवाला प्यायलेला होता.

"मास्तर," टपालराव म्हणाले, "मी या शहरात एकतीस वर्षं दारोदार टपाल वाटलंय. एक माणूस मला असा दिसला नाही."

"तुम्ही सायकलवर होता," मास्तर म्हणाले. "सायकल वळवताना माणूस स्वतःच कलतो. तुम्हाला कललेले लोक सरळच दिसणार."

टपालरावांनी बसल्या जागी हवेत सायकलचं हँडल वळवून बघितलं. हा मुद्दा त्यांना घरी नेऊन तपासायला लागणार होता.

बाईंच्या ओठांचा एक कोपरा हलला. मास्तरांनी तो हेरला. बातमी देणाऱ्या माणसाला कोणत्या फासात पकडावं हे त्यांना आता सुचलं, आणि ते आवाज खाली आणून म्हणाले की फॅशन चाळीस वर्षं या खिडकीतून बघतोय, ती गोल फिरते. चोच परत आली, चौकोन परत आला. राहिली होती फक्त झुलती चाल. मागच्या आठवड्यापासून बारीक बारीक खुणा दिसायला लागल्या आहेत. दोन वेगळ्या पट्ट्या, दोन वेगळ्या जाडीचे तळ. मी मुद्दाम काही बोललो नाही. तुम्ही आज सगळ्या शहरासमोर पहिल्यांदा उभ्या राहणार, मनात म्हटलं, बाईंच्या पायात उद्याची गोष्ट असावी, मागच्या महिन्यातली नको.

मागच्या महिन्यातली, हे मात्र बाईंना लागलं. त्यांनी पाय पुढे करून परत आरशात पाहिलं. पण पुरावा, त्या म्हणाल्या. त्यांच्या धंद्यात दुसऱ्या कुणाकडून खात्री करून घेतल्याशिवाय बातमी देत नाहीत.

आता इथे मास्तर अडकले असते. कबूल करायला हवं की त्यांच्याकडे पुरावा नव्हता, हे टपालरावांच्या लक्षात आलं आणि ते पहिल्यांदाच मजेत पुढे सरकून बसले. आणि त्याच क्षणी खिडकीतून दोन पांढरे बूट गेले. डावा नारिंगी, उजवा हिरवा. औषधवाल्याच्या दुकानाकडून आलेले, जरा घाईचे, आणि प्रत्येक पावलाला उजवीकडे एक झोका.

मास्तरांनी ते बूट लगेच ओळखले. पण त्यांचं तोंड डोक्याला कधीच विचारून बोलत नसे.

"बघा," ते म्हणाले. नुसतं बोट दाखवलं.

बाई खिडकीशी जाऊन वाकल्या. टपालरावही वाकले. बूट कोपऱ्यापर्यंत झुलत गेले आणि दिसेनासे झाले. बाईंनी विचारलं की ही उजवीकडे का झुलत होती. मास्तर म्हणाले की पक्ष दोन असतातच, ताई, तुम्हाला वेगळं सांगायला नको.

टपालराव परत बाकावर येऊन बसले. त्यांच्या चेहऱ्यावर एकतीस वर्षांच्या सायकलीचा पश्चात्ताप दिसत होता.

बाईंनी नाड्या घट्ट केल्या. खोलीत दोन फेऱ्या मारल्या, पहिली चाचपडत आणि दुसरी झोकात. खरं सांगायचं तर त्यांना ते शोभलंही. पर्स खांद्याला अडकवून त्यांनी मास्तरांचे आभार मानले आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. अकरा वाजून पस्तीस मिनिटं. मास्तर जिंकले होते. आणखी दोन पायऱ्या, बस्स, आणि खुर्ची आयुष्यभर त्यांची.

पायरीवर बाई थांबल्या. मागे वळल्या.

"मास्तर, इतकी जोरात होती, तर ती फॅशन गेली कशी?"

आता शहाण्या माणसाने म्हटलं असतं, पुढच्या खेपेला सांगतो, तुम्हाला उशीर होतोय. मास्तरांनाही ते कळत होतं. पण चाळीस वर्षांत बाकावरच्या माणसाने त्यांना एकच प्रश्न विचारला होता, बूट झाला का. पुढे काय झालं, असं कुणीही, स्वतःच्या बायकोनेसुद्धा, विचारलं नव्हतं. आणि या बाईंच्या दोन्ही पायांत बूट होते. त्या जाऊ शकत होत्या, आणि तरी थांबल्या होत्या. मास्तरांनी हातातली आरी खाली ठेवली.

फॅशन प्रेमाने गेली, ते म्हणाले. झालं असं की पलीकडच्या गल्लीत माझा एक प्रतिस्पर्धी होता. त्याला माझी रांग बघवेना. त्याने उजव्या बाजूला झुलणारा बूट काढला. शहराचे दोन भाग पडले. डावे झुलणारे रस्त्याच्या एका बाजूने आणि उजवे दुसऱ्या बाजूने. तोवर ठीक होतं. पण पुढे डाव्या घरातल्या मुलीचं उजव्या घरातल्या मुलावर मन बसलं. फिरायला निघाले की चार पावलांवर डोक्याला डोकं आपटायचं. जागा बदलली तर दोघं एकमेकांपासून लांब झुलायचे, हातातला हात सुटायचा. एक जोडपं असतं तर निभावलं असतं. पण अशी शेकड्याने जोडपी झाली. संध्याकाळी बागेबाहेर नुसता ठकाठक आवाज. शहरभर कपाळांना टेंगळं. औषधाच्या दुकानातून मलम संपलं. शेवटी पोरापोरींनी एका रविवारी बागेत सगळे बूट काढून ढीग घातला आणि अनवाणी घरी गेली. सरळ.

बाई हसायला लागल्या. मोकळं, मान मागे टाकून. टीव्हीवर त्या कधी असं हसत नसत. टपालरावांनीही रुमाल काढला.

तेवढ्यात वरच्या पायरीवर पावलं दिसली. आधी तपकिरी बूट, पुढून कातडी बाजारातल्या चुन्याने पांढरे झालेले. ती लेक. काखेत कातड्याची गुंडाळी. तिच्यामागे आणखी दोन पावलं, एक नारिंगी, एक हिरवं. मास्तरांनी बघितलं. जोर लावला असता तर त्यांना थांबताही आलं असतं. पण वाक्य सुरू झालं होतं, आणि बाई अजून ऐकत होत्या.

"आणि ताई, सगळ्यात शेवटी ती चाल कुणी सोडली माहिती आहे?" ते म्हणाले. "माझ्या या लेकीने. त्याच वर्षी, तेहतीस वर्षांपूर्वी, ती पहिलं पाऊल टाकत होती. आजूबाजूला सगळे झुलणारे, तर हीसुद्धा झुलतच चालायला शिकली. दोन वर्षं सरळ होईना. आम्ही दोघांनी हिला भिंतीला धरून चालवलं. ही आलीच बघा, हिलाच विचारा. हो की नाही गं, पोरी?"

आणि ते लेकीकडे बघत राहिले. आयुष्यात इतक्या आर्जवाने त्यांनी कुणाकडे, अगदी बँकेच्या साहेबांकडेही, बघितलं नव्हतं. बाई वळून वर बघत होत्या. टपालराव बघत होते. औषधवाल्याची बायको लेकीच्या खांद्यावरून बघत होती, आणि तिची नजर हळूहळू बाईंच्या पायांवर उतरत होती.

लेक उरलेल्या पायऱ्या उतरली. कातड्याची गुंडाळी बाकाच्या टोकाला ठेवली. खिळ्यावरून कामाचा एप्रन काढून गळ्यात अडकवला, आणि मागची गाठ बांधत बांधत, अगदी शांतपणे म्हणाली,

"बाबा, मी एकोणतीस वर्षांची आहे."